एका भुवईचा कस्तुर

३० मार्च, शनिवार

उद्या बेटावर जायचं. पक्षिमित्र मंडळाच्या वसंत-गणनेसाठी यंदा माझी नेमणूक झाली आहे. नेमणूक कसली, आठ दिवस रिकामा असलेला दुसरा कोणी सापडला नाही, असं दातवाले डॉक्टर सभेत म्हणाले. त्यांच्या खुर्चीतल्या माणसाचा जबडा उघडा असतो, त्याला उलट बोलता येत नाही. त्यामुळे त्यांना काहीही बोलायची सवय लागली आहे.

वजनमापं खात्यात मी बत्तीस वर्षं निरीक्षक होतो. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला वाटाण्याएवढा मेणाचा गोळा मी दुकानाच्या दारातून ओळखत असे. त्या नजरेपुढे पाखरू म्हणजे काय! निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात पक्षी बघायला लागलो, त्याला आठ महिने झाले. यादीत एकशे बेचाळीस जाती आहेत. डॉक्टरांच्या यादीत एकशे एक्याण्णव, पण ते अकरा वर्षं बघताहेत. सरासरी काढली तर मी त्यांच्या कुठल्या कुठे पुढे आहे.

बेटावर दोघांनी जायचं असा नियम आहे. माझ्या जोडीला निवृत्त पोस्टमास्तर येणार होते. मागच्या महिन्यात आम्ही एकदा तळ्यावर बरोबर गेलो, तेव्हापासून त्यांचा गुडघा दुखतो आहे. म्हणून आता ही येणार. हिला पक्ष्यांतलं काही कळत नाही. शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं साहाय्यक होती, म्हणजे बेडकांच्या बाटल्या पुसायच्या आणि बाईंना आकृत्या काढून द्यायच्या. असो. स्वयंपाक होईल, आणि मी सांगेन ते लिहून घ्यायला एक हात मिळेल.

वीस तारखेला मंडळाचा नोंदप्रमुख निवडायचा आहे. कोणी पक्षी खरंच पाहिला आणि कोणाला नुसता पाहिल्यासारखा वाटला, हे ठरवणारा माणूस तो. दोनच नावं चर्चेत आहेत. एक माझं.

३१ मार्च, रविवार

पोचलो. समुद्र शांत होता असं नावाडी म्हणाला. ते त्याचं मत. मला तीनदा कठड्यावर वाकावं लागलं. ही मात्र सबंध वेळ बोटीच्या पुढच्या टोकावर बसून लाटांमधलं काहीतरी मोजत होती.

बेटाला चालत चक्कर मारायला पंचवीस मिनिटं लागतात. एक दीपगृह, त्याच्या पायथ्याशी दोन खोल्या, एक विहीर, आणि विहिरीपाशी शाळेच्या मैदानाएवढी झुडपं. बाकी खडक. झाडोरा म्हणावा असा तेवढाच. दीपगृहाचा रखवालदार एकटाच राहतो, कुंपणाच्या भिंतीला चुना देत होता. दिवसाला चार वाक्यं बोलत असावा. त्यातली तीन तो हिच्याशी बोलला.

१ एप्रिल, सोमवार

वेळापत्रक करून दाराला लावलं. सकाळी सहा ते दहा मी दुर्बीण घेऊन सगळं बेट फिरलो. नऊ जाती. परत आलो तर ही विहिरीच्या कट्ट्यावर भाजी चिरत बसली होती आणि तिच्या वहीत तेवीस जाती होत्या. दोन प्रकारचे धोबी, माशीमार, वटवटे, भारीट. प्रत्येकापुढे वेळ.

भाजी चिरता चिरता केलेलं निरीक्षण ग्राह्य धरता येत नाही, हे तिला समजावून सांगितलं. ती बरं म्हणाली. संध्याकाळी पाहिलं तर तिने आणखी सहा लिहिले होते, वेगळ्या वहीत.

२ एप्रिल, मंगळवार

ऊन. पक्षी नाहीत. दुपारी जरा डोळा लागला तेवढ्यात अंगणात हुदहुद येऊन गेला म्हणे. उठवलं का नाही विचारलं, तर म्हणते, तुम्ही घोरत होता म्हणून तर तो आला नाही ना जवळ, लांबूनच गेला.

४ एप्रिल, गुरुवार

हा दिवस मंडळाच्या इतिहासात जाईल.

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मी झुडपांच्या पश्चिमेला उभा होतो. भिंतीजवळ एक कस्तुर जमिनीवर उड्या मारत आला. काळपट पाठ, पिवळी चोच. दर वसंतात शेकड्याने येतो तो साधा कस्तुर असेल म्हणून मी मान वळवणार, तोच डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई दिसली. पांढऱ्या भुवईचा कस्तुर. हा पक्षी इकडच्या वाटेने येतच नाही. मंडळाच्या चाळीस वर्षांच्या दप्तरात त्याची एकही नोंद नाही. तीन सेकंद दिसला, फार तर चार. मग झुडपात गेला.

फोनला रेंज फक्त दीपगृहाच्या माथ्यावर मिळते. एकशे बारा पायऱ्या मी न थांबता चढलो. मंडळाच्या अध्यक्षा ग्रंथपालबाई आहेत, त्यांना कळवलं. त्यांनी विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, बाई, बत्तीस वर्षांत माझा एकही पंचनामा कोर्टात पडला नाही. त्यांनी बातमी सगळ्या सभासदांना पाठवली. मी खाली उतरायला निघेपर्यंत चौऱ्याऐंशी निरोप. डॉक्टरांचा एकाच शब्दाचा: 'फोटो?'

कोतं मन उघडं पडायला एक शब्दही पुरतो.

५ एप्रिल, शुक्रवार

हिने चित्र काढलं आहे. चित्र चांगलं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. एकच कस्तुर, दोन्ही बाजूंनी. डावीकडून भुवई आहे, उजवीकडून नाही. उजवी काढायची राहिली वाटतं, असं मी म्हटलं.

ती म्हणाली, राहिली नाही, नाहीच आहे. काल आणि आज मिळून तिने त्याला तासभर पाहिलं होतं. रखवालदाराच्या चुन्याच्या बादलीपाशी तो किडे टिपायला येतो, कडेला डोकं घासतो. आज बशीतल्या पाण्यात त्याने अंघोळ केली आणि अर्धी भुवई धुऊन गेली.

मी हसून सोडून दिलं. नंतर हसू आलं नाही.

खरा पांढऱ्या भुवईचा कस्तुर आकाराने लहान असतो. मला लहान वाटला होता. वाटला होता का? लांब होता. पारड्याखाली मेण सापडलं की प्रत्येक दुकानदार म्हणायचा, साहेब, कधी चिकटलं कळलंच नाही. त्यांच्यातल्या एकावरही मी विश्वास ठेवला नाही. पण ती माणसं लबाड होती. इथे प्रश्न उजेडाचा आहे.

दुपारी दुरुस्ती कळवायला वर चढलो. सत्तरावी पायरी ओलांडताना वाक्यसुद्धा तयार होतं. माथ्यावर पोचून फोन उघडला तर चौतीस सभासदांनी रविवारसाठी दोन बोटी ठरवल्या होत्या, आणि ग्रंथपालबाईंनी लिहिलं होतं, 'मंडळाला तुमचा अभिमान वाटतो.' हे वाक्य मला खात्याने बत्तीस वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही. निरोपाच्या समारंभात साहेबांनी माझं नावसुद्धा चुकीचं घेतलं होतं.

जिना उतरलो. हिला सांगितलं, तूर्त चित्र कोणाला दाखवू नकोस.

७ एप्रिल, रविवार

आज फार झालं. क्रमाने लिहितो.

काल संध्याकाळपासून उत्तरेचा वारा आणि पाऊस होता. उत्तरेला निघालेल्या पाखरांच्या तो थेट तोंडावर आला. सकाळी सहाला दार उघडलं आणि पाऊल टाकायला जागा सापडेना. पायरीवर माशीमार, भिंतीच्या खाचांत पाकोळ्या ओळीने चिकटलेल्या, गवतात वटवटे. रखवालदाराच्या बुटात एक भारीट बसला होता, रखवालदार त्या बुटाकडे बघत अनवाणी उभा होता. हात लावला तरी उडत नव्हती पाखरं. अंगात बळच नव्हतं. ही म्हणाली, सबंध समुद्र ओलांडून आलीत, दिवसभर खाल्लं आणि पडून राहिली तरच पुढे जातील. मग ती पायाखाली बघत बघत विहिरीपाशी गेली आणि वही उघडून बसली. झुडपं तर नुसती हलत होती, वारा पडला होता तरी.

मी माझा चांगला कोट घालून धक्क्यावर गेलो.

नऊ वाजता बोटी लागल्या. चौतीस माणसं, तोफेएवढ्या पाचेक दुर्बिणी, एकाची शिडी. पहिल्यांदा उतरले दातवाले डॉक्टर, हिरव्या टोपीत. त्यांनी हात मिळवला आणि विचारलं, कुठे आहे तुमचा पक्षी? 'तुमचा' या शब्दावर जरा जोर होता. मी झुडपांकडे बोट दाखवलं. दुसरीकडे दाखवायला बेटावर आहेच काय?

पुढचा तास मी सगळ्यांना तीच हकीकत सांगत होतो. प्रत्येक वेळी ती जरा चांगली होत गेली. तीन सेकंदांची तीन मिनिटं झाली. पाचव्यांदा सांगताना आवाजही ऐकल्याचं आठवलं. डॉक्टरांनी आवाज काढून दाखवा म्हटलं, मी काढला. एका तरुण बाईंनी तो ध्वनिमुद्रित करून घेतला.

कस्तुर काही दिसेना. मग कोणीतरी सुचवलं की ओळ करून झुडपं एका टोकाकडून पिंजून काढू. चौतीस माणसं हाताला हात लागेल अशी आत शिरली. पाखरं पुढे उडत होती, दहा हात जाऊन पडत होती, ओळ पोचली की पुन्हा उडत होती. शेवटच्या टोकाला झुडपं संपतात आणि खडक लागतो. तिथून ती पाण्यावर गेली. काही वळून आली. काही वळली नाहीत, पाण्यावर टेकली. ओळ उलटी फिरली आणि दुसऱ्या बाजूने सुरू झाली. पायाखाली काय येतंय हे कोणी बघत नव्हतं, सगळ्यांची नजर भुवईवर.

ही माझ्यापाशी आली. ओंजळीत काहीतरी होतं, ते तिने ओढणीने झाकलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, एक वाक्य बोला. चूक झाली म्हणा. एवढी माणसं दहा मिनिटांत परत जातील."

मी तिला समजावलं, की हा आता माझा एकट्याचा प्रश्न राहिलेला नाही, मंडळाच्या विश्वासार्हतेचा आहे.

"पाखरं मरताहेत."

मी म्हटलं, वीस तारखेनंतर मी स्वतः योग्य त्या भाषेत खुलासा करीन.

ती माझ्याकडे बघत राहिली. बाटलीतल्या बेडकाकडे बघावं तसं. मग वळली, कट्ट्यावर चढून उभी राहिली आणि एवढ्या मोठ्या आवाजात बोलली की मला वाटलं दुसरीच कोणी बाई बोलते आहे. वर्गातली पोरं गप्प करायचा तो आवाज असावा. तो मी कधी ऐकला नव्हता.

"पांढऱ्या भुवईचा कस्तुर अकराला दहा कमी असताना उत्तरेला गेला. दीपगृहाच्या उंचीने, सरळ किनाऱ्याच्या दिशेने. मी डोळ्यांनी पाहिला. बोटीने लगेच निघालात तर सापडेल."

चौतीस माणसं धक्क्याकडे पळाली. शिडी इथेच राहिली.

बायको असावी तर अशी. हातघाईच्या क्षणी तिने माझी बाजू राखली, आणि आता नोंदीला दुसरा साक्षीदारही मिळाला. तिला तसं म्हणायला गेलो. ती आणि रखवालदार खडकावरून पाखरं गोळा करत होते. जिवंत होती ती त्यांनी खोक्यात अंधारात ठेवली, मेलेली वर्तमानपत्रावर ओळीने. एकोणीस. ती प्रत्येकाचं नाव आणि लांबी लिहीत होती. माझ्याशी बोलली नाही. फार थकली असावी.

८ एप्रिल, सोमवार

परत आलो. खोक्यातली सगळी पाखरं पहाटे सोडली, त्यातली अकरा उडाली, असं रखवालदार निघताना म्हणाला. हिला म्हणाला. माझ्याकडे बघून त्याने चुन्याची बादली उचलून आत ठेवली.

१२ एप्रिल, शुक्रवार

आता काय म्हणावं. रविवारी पांढऱ्या भुवईचा कस्तुर पाहिल्याचे आणखी अकरा अर्ज मंडळाकडे आले आहेत. कोणी बोटीतून पाहिला, कोणी किनाऱ्यावरच्या बाभळीत. तरुण बाईंनी माझा आवाजच पुरावा म्हणून जोडला आहे, पक्ष्याचा म्हणून. आणि सर्वात सविस्तर अर्ज दातवाल्या डॉक्टरांचा: चार मिनिटं, खडकावर, स्वच्छ उजेडात.

आधी संताप आला. माझा पक्षी ढापतात म्हणजे काय! मग लक्षात आलं, बारा माणसांनी पाहिलेला पक्षी खोटा कसा असेल? मागच्या शुक्रवारी मी उगाच जिवाला लावून घेतलं. हिच्या चित्रातच काहीतरी गफलत आहे. हिला अकरा अर्जांचं सांगितलं. ती हसली. बेटावरून आल्यापासून पहिल्यांदा हसली, म्हणून मीही हसलो.

२० एप्रिल, शनिवार

सभा. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

ग्रंथपालबाई बोलायला उठल्या. म्हणाल्या, नोंदप्रमुख कोणाला करावं याचा निर्णय यंदा अगदी सोपा होता. बेटावर आठ दिवस राहून, प्रत्येक पक्षी वेळेसकट, वाऱ्याच्या दिशेसकट लिहिणारी इतकी काटेकोर गणना मंडळाच्या दप्तरात दुसरी नाही. मी कोटाचं बटण लावलं आणि उभा राहिलो. डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

मग बाईंनी हिला व्यासपीठावर बोलावलं.

मी उभा होतोच, म्हणून टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं मी कौतुकाने उठलो. हिने ती वेगळी वही त्यांना कधी दिली, मला माहीत नाही. खुर्चीत बसण्याआधी ती बाईंच्या कानाशी वाकून बराच वेळ काहीतरी सांगत होती. बाई आधी गंभीर झाल्या, मग त्यांनी तोंडाला रुमाल लावला, मग मान डोलावली. टाळ्यांत मला काही ऐकू आलं नाही.

घरी येताना मी म्हटलं, एका दृष्टीने बरंच झालं, अर्ज आता घरातच मंजूर होईल. 

६ मे, सोमवार

टपालाने मंडळाचं पाकीट आलं. पत्ता हिच्या अक्षरात. ज्या टेबलावर मी ते फोडलं, त्याच टेबलावर ते लिहिलेलं असणार. पोस्टात टाकायला ती चालत गेली असणार, तिकीट लावून. पत्र इथे उतरून ठेवतो.

'महोदय, आपला व अन्य अकरा सभासदांचा पांढऱ्या भुवईच्या कस्तुराबाबतचा दावा नामंजूर करण्यात येत आहे. पाहिलेला पक्षी साधा कस्तुर होता. त्याच्या डाव्या डोळ्यावर चुना लागला होता. चित्र सोबत जोडले आहे. तो उत्तरेला गेल्याचे दुसऱ्या साक्षीदाराने, म्हणजे मी, खोटे सांगितले. झुडपातली माणसे बाहेर काढायचा दुसरा मार्ग मला तेव्हा सुचला नाही. हे पद स्वीकारण्यापूर्वी मी ते अध्यक्षांना सांगितले आहे. अपील तीस दिवसांत करता येईल. आपली विश्वासू, नोंदप्रमुख.'

आपली विश्वासू. एकतीस वर्षांच्या संसारात हिने मला कधी पत्र लिहिलं नव्हतं.

जेवताना मी म्हटलं, आधी तोंडी तरी सांगायचंस. ती म्हणाली, "तोंडी बेटावर शुक्रवारीच सांगितलं होतं. रविवारी पुन्हा सांगितलं."

७ मे, मंगळवार

संध्याकाळी दातवाले डॉक्टर आले. गेल्या नऊ महिन्यांत माझ्या घरी पहिल्यांदाच. हिने दार उघडलं, पाणी दिलं, अपील असेल तर लेखी द्या म्हणाली आणि मागच्या अंगणात गेली.

ते अपील लिहूनच घेऊन आले होते, सात पानं. मला म्हणाले, आपण दोघांनी सह्या केल्या तर बाकीचे दहा करतील. आपल्यासारखी अनुभवी माणसं आणि एक प्रयोगशाळेतली बाई, लोक कोणाचं ऐकतील? आवाज एकदम मऊ होता. दात काढण्यापूर्वी असाच असावा.

मी पेन उघडलं. सहज विचारलं, तुम्ही कोणत्या बाजूने पाहिलात?

"उजव्या," ते म्हणाले. "उजवी भुवई. इतकी स्वच्छ की अजून डोळ्यांसमोर आहे."

आणि त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. खोटं बोलणाऱ्या माणसाचे डोळे चळतात असं लोकांना वाटतं. तसं नसतं. ते अजिबात हलत नाहीत. बत्तीस वर्षं मी ते डोळे काउंटरच्या पलीकडून बघत आलो. बेटावर मी आवाज काढून दाखवला, तेव्हा चौतीस माणसांकडे मीही असाच बघत असणार.

पेनाला टोपण लावलं. सही करत नाही म्हटलं. डॉक्टरांनी कारण विचारलं. मी म्हटलं, चुना होता. मी बेटावरच्या त्या शुक्रवारपासून जाणत होतो. ते टोपी उचलून गेले. जाताना म्हणाले, त्यांचा पक्षी वेगळा होता.

मागच्या अंगणात गेलो. ही वही घेऊन बसली होती.  त्या रविवारी सकाळी काय काय आलं होतं, म्हणून विचारलं. तिने मान वर करून बघितलं, मी टिंगल करतो आहे का ते. मग पानं मागे उलटली आणि वाचायला लागली. सहा वाजून पाच, पायरीवर माशीमार, चार. सहा वाजून सात, भिंतीवर पाकोळ्या, एकवीस. सहा वाजून दहा, कट्ट्यावर धोबी, पिवळा, नर, पाय दुखावलेला. एक पान झालं, दुसरं झालं. निळ्या गळ्याचा शंकर, विहिरीच्या आत कपारीत. नीलपंख, एकच, खडकावर, पंख सुकवत. मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो.

जेवायची वेळ टळून गेली तरी ती वाचतच होती. आणि मी त्या दिवशी सबंध वेळ बेटावरच होतो.